कॅम्पातला रस्ता आणि आपली सायकल

मैत्रिणींनो, ज्यांच्या गावाला लष्कराची छावणी लागून आहे, त्यांना आजचा विषय समजावून सांगायला नको. गावातला रस्ता म्हणजे खड्डे, हातगाड्या, उलट्या बाजूने घुसणाऱ्या मोटारसायकली आणि मधोमध ठाण मांडून बसलेली गाय. पण कॅम्पाचं फाटक ओलांडलं की चित्रच पालटतं. दोन्ही बाजूंना जुनी वड-चिंचेची झाडं, बुंध्यांना चुन्याचे नि गेरूचे पट्टे, झाडून लख्ख केलेला रस्ता. सायकल शिकावी ती इथेच, असं कुणालाही वाटेल. मी चौथीत असताना वडिलांनी मला कॅम्पातच सायकल शिकवली. आज माझी लेक त्याच रस्त्याने शाळेला जाते.

‘जाते’ असं आज लिहिता येतंय खरं, पण गेल्या मार्चमध्ये तिची सायकल कायमची बंद होता होता राहिली. त्या प्रसंगातून मी जे शिकले ते तुम्हाला सांगावं, म्हणून आजचा हा लेख.

लेक आठवीत होती. घरापासून तिची शाळा कॅम्पातून गेलं तर तीन किलोमीटर, आणि बाहेरून हमरस्त्याने गेलं तर सात. त्या हमरस्त्यावर वाळूचे ट्रक असे धावतात की मोठ्या माणसांचीही छाती दडपते. मी स्वतः दुसऱ्या एका शाळेत अर्धा वेळ शिकवते, ह्यांची नोकरी सकाळची, तेव्हा तिला सोडायला-आणायला कुणी नाही. सायकल म्हणजे तिचे पायच म्हणा ना!

त्या दिवशी तिची विज्ञानाची चाचणी होती. निघायला उशीर झालेला. बाईसाहेब कानांत इअरफोन घालून, धडा ऐकत निघाल्या. एरवी त्या फाटकावर शाळेच्या मुलांना कुणी फारसं विचारत नसे, पण त्या दिवशी तपासणी कडक होती. पहाऱ्यावरच्या जवानाने ‘थम!’ म्हणून आवाज दिला. हिला तो ऐकूच गेला नाही. त्याने दुसऱ्यांदा आवाज दिला, तोवर ही निम्मं फाटक ओलांडून गेलेली. पुढच्या वळणावरचा दुसरा जवान धावत रस्त्याच्या मधोमध आला, हिने घाबरून करकचून ब्रेक दाबला आणि सायकलसकट आडवी झाली. गुडघा फुटला. ओळखपत्र मागितलं तर ते दुसऱ्या दप्तरात राहिलेलं!

मी पोळ्या लाटत होते तेव्हा फोन आला. गॅस बंद करून तशीच पळाले. जाऊन पाहते तर लेक बाकावर बसलेली, हातात पाण्याचा पेला, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिची सायकल कुणी तरी नीट स्टँडवर लावून ठेवली होती. तिथले हवालदार माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे असतील. ते रागावले नाहीत. रागावले असते तर एक वेळ बरं वाटलं असतं. ते शांतपणे हिंदीत एवढंच म्हणाले, ‘‘मॅडम, आज सकाळची वेळ होती आणि मुलगी शाळेच्या गणवेशात होती. समजा संध्याकाळ असती, अंगात काळं जाकीट असतं, पाठीवर मोठी पिशवी असती, तर माझ्या पोराने दोन सेकंदांत काय समजायचं होतं?’’

मैत्रिणींनो, त्या वाक्याने माझ्या पायांतलं बळच गेलं.

घरी व्हायचं तेच झालं. ‘‘उद्यापासून सायकल बंद. रिक्षा लावा,’’ ह्यांनी फर्मान काढलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोरीच्या जातीला कशाला हव्यात सायकली?’’ लेक जेवली नाही. रिक्षाचा महिन्याचा खर्च मी मनात मांडून पाहिला आणि तो कुठून काढायचा हेही मला सुचेना. पण खरं सांगू? पैशांहून दुसरीच गोष्ट मला टोचत होती. चूक झाली ती रीत माहीत नसल्यामुळे, आणि ती रीत तिला मी कधी शिकवलीच नव्हती. मग शिक्षा तिच्या सायकलीला का?

आमच्या गल्लीत साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदारकाका राहतात. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, ‘‘वहिनी, पोरीची सायकल काढून घेऊ नका. तिला रस्ता शिकवा. दोन रविवार माझ्याकडे धाडा.’’ ह्यांच्याकडून मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. काकांनी त्या दोन रविवारी माझ्या लेकीला, आणि तिच्यामागे सायकल घेऊन गेलेल्या मलाही जे शिकवलं, त्यात माझ्या वाचनाची थोडी भर घालून इथे देते आहे.

आधी रस्ता ओळखा

आपण सगळ्यालाच सरसकट ‘कॅम्प’ म्हणतो, पण त्यात तीन तऱ्हेचे रस्ते असतात. पहिला कॅम्पाच्या बाजारपेठेचा. तिथे दुकानं, शाळा, देवळं, नागरी वस्ती असते आणि आपल्या गावातल्यासारखीच ये-जा चालते. दुसरा बंगल्यांमधून आणि लष्कराच्या इमारतींजवळून जाणारा रस्ता. तो लोकांना खुला असतो, पण त्यावर नाके असू शकतात, काही वेळा ठरलेल्या असतात आणि विचारलं तर ओळख द्यावी लागते. तिसरा खुद्द पलटणीच्या आवारातला. तिथे कामाशिवाय आणि परवानगीशिवाय आपण जायचंच नाही, मग फाटक सताड उघडं दिसो की शेजारची कुणी ‘मी तर रोज जाते’ म्हणो.

महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, आणि नागपूरजवळचं कामठी अशा सात ठिकाणी कटक मंडळं, म्हणजे कंटोन्मेंट बोर्डं स्थापन झाली. छावणीतल्या नागरी वस्तीचे रस्ते, दिवे, पाणी ही कामं ज्याच्याकडे असतात ते हे मंडळ. अलीकडे छावण्यांतला नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांना जोडण्याच्या हालचाली सुरू झाल्या आहेत. २०२३ साली हिमाचल प्रदेशातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. तेव्हा आपल्या गावी काय स्थिती आहे ते एकदा चौकशी करून घ्यावं.

आता एक गोष्ट हक्काची. २००६ च्या कंटोन्मेंट कायद्यातल्या २५८ व्या कलमाप्रमाणे छावणीतला रस्ता मंडळाला मनाला येईल तेव्हा कायमचा बंद करता येत नाही. कारण सुरक्षेचंच असावं लागतं, वरची परवानगी लागते, जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती नि सूचना मागवाव्या लागतात. ही रीत न पाळता जे रस्ते बंद झाले होते, ते खुले करायला संरक्षण मंत्रालयाने २०१८ च्या मे महिन्यात सांगितलं. त्या वेळी कॅम्पात राहणाऱ्या लष्करी कुटुंबांतल्या बायकांनी आपली काळजी उघडपणे बोलून दाखवली होती. नवरा सीमेवर, घरात लहान मुलं, आणि दारावरून कोण येतं-जातं याचा पत्ता नाही. त्यांचंही म्हणणं वावगं नव्हतं. आपल्याला रस्ता हवा आणि त्यांना स्वस्थता हवी. दोन्ही जमवायचं असेल तर आपल्या वागण्यात रीत हवी, एवढाच याचा अर्थ.

फाटकावर

१. फाटकाच्या वीस-पंचवीस पावलं आधीच वेग कमी करावा. अडथळे नागमोडी लावलेले असतील तर सायकलवरून उतरून हातात धरून न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

२. कानांत काहीही नको. ही गोष्ट मी आता आमच्या घरी देवघरात दिवा लावण्याइतकी पक्की केली आहे. सायकलवर बसण्याआधी इअरफोन दप्तराच्या तळाशी.

३. ओळखपत्र वरच्या खिशात हवं. मुलांजवळ शाळेचं, आपल्याजवळ आधार किंवा तत्सम. मुलांच्या ओळखपत्रावर घरचा चालू फोन नंबर आहे का, ते आजच बघा. आमच्या लेकीच्या ओळखपत्रावर दोन वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर होता!

४. पावसाळ्यात टोपी, ओढणी, तोंडाला बांधलेला स्कार्फ असा जामानिमा असतो. पहाऱ्यावरच्या माणसाला आपला चेहरा दिसला पाहिजे. उन्हाचा स्कार्फ फाटकापुरता सोडावा.

५. ‘थम’ ही लष्करातली थांबायची आज्ञा आहे. ती ऐकली की जागच्या जागी थांबायचं, एक पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, दिसतील असे. घाईने पिशवीत हात घालू नये. आधी तोंडाने सांगावं, ‘ओळखपत्र काढते’, आणि मग काढावं.

हे शेवटचं मला जरा अतीच वाटलं होतं. पण काकांनी विचारलं, ‘‘वहिनी, ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात नि १ ऑगस्ट २०१२ ला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर जे स्फोट झाले, त्यांत सायकली वापरल्या होत्या, आठवतं का?’’ मी गप्पच झाले. आपल्याला सायकल म्हणजे शाळा, भाजी, दळण. पहाऱ्यावरच्या माणसाला तीच सायकल आणि तिच्या कॅरिअरला लावलेला डबा दोनदा पाहावा लागतो.

म्हणूनच सायकल फाटकाजवळ, भिंतीला टेकून किंवा झाडाखाली कुलूप लावून सोडून जाऊ नये. पिशवी अडकवून तर मुळीच नाही. पंक्चर झालं तर ढकलत जवळच्या नाक्यावर जावं आणि तिथल्या माणसाला सांगावं. बहुतेक वेळा तोच पुढचं पंक्चरचं दुकान कुठे आहे ते सांगतो.

रस्त्यावर

डावी बाजू धरावी. मैत्रिणीच्या शेजारून गप्पा मारत न जाता एकामागे एक जावं. डबलसीट नको. आमच्या आईच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस हवा सोडून देत, असं ती अजून सांगते. बिल्ला गेला, पण दिव्याची गरज गेली नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल परावर्तक, घंटी आणि दोन्ही ब्रेक चालू असलेच पाहिजेत. डोक्यावर हेल्मेट घातलं तर उत्तमच, आणि फलकावर ‘सक्तीचं’ लिहिलं असेल तर वाद न घालता घालावं.

कॅम्पातल्या फलकांवरची वेगमर्यादा मोटारींसाठी आहे म्हणून आपण सोडून देतो. पण मोकळा रस्ता नि उतार मिळाला की मुलं शर्यत लावतात, आणि कवायतीचं मैदान वळणावरच असतं.

लष्करी गाडी ओळखायची खूण मुलांना फार आवडते. तिच्या नंबराच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो. मोटारीवर ताऱ्यांची पाटी असेल तर आत मोठे अधिकारी आहेत असं समजावं. एक तारा ब्रिगेडियर, दोन मेजर जनरल, तीन लेफ्टनंट जनरल. अशी गाडी दिसली की फार काही करायचं नाही. कडेला सरायचं आणि जाऊ द्यायचं. गाड्यांचा ताफा चालला असेल तर दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून सायकल घालणं हा शुद्ध वेडेपणा. शेवटची गाडी जाईपर्यंत थांबावं. उंच गाडीच्या चालकाला खालची सायकल दिसत नाही.

पहाटे जवानांच्या तुकड्या धावायला निघतात. त्यांच्या मागे जाऊन घंटी वाजवत बसू नये, आणि तुकडी फोडून मधून तर कधीच जाऊ नये. मोटारींसाठीच्या १९८९ च्या नियमांत, चालत्या लष्करी तुकडीजवळून जाताना वेग ताशी २५ किलोमीटरहून जास्त नसावा, असं घालून दिलं होतं. आपण तर दोन चाकांवरची माणसं. उतरून दोन मिनिटं उभं राहिलं तर काय बिघडलं? वर मुलांना बघायलाही मजा वाटते.

चौकात लाल टोपी, पांढरा पट्टा आणि दंडावर ‘एम.पी.’ अशी अक्षरं असलेला माणूस दिसला, तर तो मिलिटरी पोलीस. तो हात करेल तसं जावं.

झेंडा उतरताना

एका रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं कॅम्पातून परत येत होतो. कुठून तरी बिगुलाचा आवाज आला. काका सायकलवरून उतरले, सायकल स्टँडवर लावली आणि ताठ उभे राहिले. वय बहात्तर! समोरच्या आवारात राष्ट्रध्वज उतरवत होते. आम्हीही उतरलो. भारतीय ध्वजसंहितेत म्हटलंच आहे की, ध्वज चढवताना किंवा उतरवताना तिथे असलेल्या सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहावं. हे शाळेत पंधरा ऑगस्टला आपण मुलांना शिकवतो आणि रस्त्यावर विसरतो. एक मिनिटाचं काम आहे. तेव्हा मोबाईल काढू नये, बोलू नये.

मोबाईल आणि फोटो

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लांबलचक भिंतीवरून गुलमोहर असा ओसंडून फुलला होता की मी सायकल थांबवून फोटो काढला. लगेच शिट्टी! जवान आला, फोटो बघितला. गुलमोहराच्या मागे टेहळणीचा मनोरा आला होता, तो मला दिसलाही नव्हता. फोटो काढून टाकायला सांगितला, मी टाकला. पण लाजेने कानशिलं तापली.

‘फोटो काढण्यास मनाई’ हा फलक शोभेचा नसतो. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. तेव्हा कॅम्पात फाटक, भिंत, गाड्या, मनोरे, कवायत यांचे फोटो नकोत, चालत्या सायकलवरून चित्रीकरण नको. मुलांना रणगाड्याबरोबर फोटोच काढायचे असतील तर अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पुण्याच्या कॅम्पात १९९८ मध्ये खुलं झालेलं युद्धस्मारक आहे. सुट्टीत तिकडे न्या आणि तिथल्या नियमांप्रमाणे खुशाल बघू द्या.

आणखी एक नवी गोष्ट. आता ह्यांच्या वयाचे पुरुष नि आपल्यातल्याही कित्येक जणी सकाळी सायकलवर जाताना मोबाईलमध्ये किती किलोमीटर झाले ते मोजणारं अॅप चालू ठेवतात. ते अॅप आपल्या वाटेचा नकाशाही जपून ठेवतं आणि कधी कधी जगाला दाखवतं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या अशाच अॅपच्या जागतिक नकाशामुळे मोठी खळबळ झाली होती. अफगाणिस्तान, सीरियासारख्या ठिकाणी, जिथे बाकी सगळा अंधार, तिथे सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या आणि तळ कुठे आहेत ते कुणालाही कळलं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. सगळे फक्त व्यायाम करत होते! म्हणून कॅम्पाचं फाटक आलं की ते अॅप बंद करावं. वजन काही नकाशा काढल्याने उतरत नाही.

सापडलेली वस्तू

कॅम्पाच्या पलीकडे माळरानावर गोळाबाराची क्षेत्रं असतात. अहिल्यानगरजवळ के. के. रेंज आहे, देवळालीला तोफखान्याचं विद्यालय आहे. सरावाच्या काळासाठी १९३८ च्या कायद्याखाली आधी सूचना काढतात आणि सराव चालू असताना लाल निशाण लावतात. लाल निशाण दिसलं की मागे फिरायचं. निशाण नसलं तरी आडवाटेने सायकली घालू नयेत. तिथे पितळेचा, लोखंडाचा एखादा तुकडा पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, पायाने ढकलायचा नाही, ‘भंगारात किती येतील’ असा विचारही करायचा नाही. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षांनीही फुटू शकतो. जागा लक्षात ठेवून लांब यावं आणि पोलिसांना किंवा जवळच्या नाक्यावर कळवावं. हा एक नियम तरी आज रात्री जेवताना मुलांना सांगाच.

त्यांचंही ते घर आहे

कॅम्प म्हणजे नुसती भिंत नि बंदूक नव्हे. तिथे आपल्यासारख्याच बायका राहतात. दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर, मुलांच्या शाळा बदलत्या, भाषा नवी. त्यांच्याशी ओळख झाली तर जरूर घरी बोलवा, तिळगूळ द्या. पण ‘तुमचे साहेब सध्या कुठे आहेत?’, ‘पलटण कधी हलणार?’ असे प्रश्न विचारू नका. आपण सहज विचारतो, त्यांना मात्र उत्तर देता येत नाही नि न देताही अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा ‘लोणचं कसं घालता?’ हे विचारा. मला अशाच एका शेजारणीकडून कुमाऊँकडची भांगाच्या बियांची चटणी कळली.

बंगल्यांच्या आवारातले आंबे, जांभळं मुलांना खुणावतात. भिंतीवर चढणं नाही. रस्त्यावर पडलेलं जांभूळ उचललं तर कुणी काही म्हणत नाही, पण त्यासाठी वाटेत सायकली आडव्या टाकू नयेत. चॉकलेटचा कागद, पाण्याची बाटली परत दप्तरात.

आणि पहाऱ्यावरच्या जवानाला उगाच गप्पांत गुंतवू नये. ‘नमस्ते’ म्हणावं, पुढे जावं. तो बोलत नाही म्हणजे शिष्ट नव्हे. तो कामावर आहे.

अडवलंच तर

परत पाठवलं तर परत यावं. फाटकावर वाद घालून रस्ता कुणाला मिळालेला नाही. तिथला जवान हुकुमाचा ताबेदार. त्याने हुकूम केलेला नाही. मात्र रोजचा रस्ता एकाएकी बंद झाला असेल, तर चार घरांनी मिळून कटक मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. केव्हापासून बंद आहे, किती मुलं त्या वाटेने शाळेला जातात, दुसरी वाट किती लांब नि कशी आहे, हे मुद्देसूद लिहावं आणि पोच घ्यावी. जाहीर सूचना निघाली असेल तर हरकत मुदतीत द्यावी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘या वाटेने सत्तावीस मुलं जातात’ असं लिहिलेला अर्ज लवकर वाचला जातो, हा माझा शाळेतला अनुभव.

एकटी बाई किंवा मुलगी असेल आणि अडवणाऱ्याचं वागणं बरं वाटलं नाही, तर घाबरू नये. वेळ नि जागा लक्षात ठेवावी आणि नाक्यावरच्या वरिष्ठांना भेटायचं आहे असं स्पष्ट सांगावं. रीत आपल्याला आहे तशी त्यांनाही आहे.

थोडी पत्रं

एक भगिनी विचारतात, ‘‘पांढऱ्या गणवेशाला सायकलच्या चेनचं काळं वंगण लागलं तर काय करावं?’’ आधी पाणी लावू नका, डाग पसरतो. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड दाबून अर्धा तास ठेवा, झटका. मग भांडी घासायचा द्रव साबण बोटाने जिरवून कोमट पाण्याने धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. आणि चेनला झाकण बसवून घ्या, म्हणजे ओढणी नि सलवारही वाचेल.

दुसऱ्या एका भगिनींचं पत्र आहे, ‘‘पस्तिशीत सायकल शिकावी का? लोक हसतात.’’ हसणारे दोन दिवस हसतात. गुडघे चांगले असतील तर जरूर शिका. पहिले आठ दिवस मात्र मोकळ्या मैदानात, कॅम्पाच्या फाटकात नको!

आता आमच्या घरची हकिगत पुरी करते. पंधरा दिवसांची मुदत संपली त्या सकाळी हे स्वतः स्कूटर घेऊन लेकीच्या मागोमाग गेले, तिला न सांगता. परत आले ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, पेपर उघडला. मग पेपराआडूनच म्हणाले, ‘‘फाटकाच्या आधी उतरली. ओळखपत्र दाखवलं. पुढे पोरं धावत होती, तर कडेला उभी राहिली.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘तिच्या मागच्या ब्रेकचं रबर झिजलंय. संध्याकाळी बदलून आणतो.’’

मी समजायचं ते समजले. रिक्षाचा विषय पुन्हा निघाला नाही. माझ्या शाळेत मी आता आर.एस.पी.च्या मुलांना दर जूनमध्ये एक तास कॅम्पाच्या रस्त्याचा घेते. तुमच्या गावी छावणी असेल तर तुम्हीही शाळेला हे सुचवून बघा. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात, पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यांना ऊन कसं द्यावं आणि डबे कसे भरावेत, ते पाहू.